ट्रॉलीचे टायर : नक्षी नको, तारीख बघा

हंगाम तोंडावर आलाय, कारखान्याच्या वाहतुकीचे करार झाले, म्हणून आज पिकाऐवजी चाकावर लिहितो.

आमच्या दोन ट्रॉल्या, चाकं आठ. यंदा त्यातले सहा टायर बदलले. पंक्चरवाला म्हणाला, "मालक, नक्षी तर निम्म्याच्या वर हाय, अजून दोन हंगाम काढतंय की." नक्षी होती, खरं आहे. पण टायरवर छापलेला आकडा होता 4117. म्हणजे 2017 सालचा एकेचाळिसावा आठवडा. हा चार आकडी शिक्का बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, तो आतल्या बाजूला गेला असला तर ट्रॉलीखाली वाकून बघावं लागतं. बघाच.

ट्रकचा टायर वर्षभर पळतो आणि झिजून संपतो. ट्रॉलीचा तसा नाही. नोव्हेंबर ते मार्च राबतो, मग मेचं ऊन आणि आपला पाऊस अंगावर घेत बांधाला उभा. टायरच्या रबरात ते मऊ ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात, चाक फिरत राहिलं, दबत राहिलं तर ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या चाकात ते होत नाही. रबर कडक होतं आणि बाजूला, नक्षीच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. नखानं दाबून चीर उघडली की मी तो टायर भरलेल्या उसाखाली घालत नाही. कारण फुटतो तो रिकाम्या ट्रॉलीला नव्हे. लक्ष्मी टेकडीजवळ हायवेला, भरून जाताना, मागं एमआयडीसीतून सुटलेली पोरं मोटरसायकलवर असतात तेव्हा फुटतो.

पैसे लई जातात, नाही म्हणत नाही. पहिल्या बिलाचा मोठा घास गेला. म्हणून मागची ट्रॉली चारही चाकांनी नवी केली, पुढच्या ट्रॉलीची एकच जोडी. एका आसाला एक नवा, एक जुना असं करू नका. रिमोल्ड स्वस्त मिळतो, पण नवी नक्षी जुन्याच सांगाड्यावर चढवलेली असते, भरल्या ट्रॉलीला मला तो पटत नाही. आणि दुकानातला "नवा" टायरसुद्धा तारीख वाचूनच उचला. ट्यूब आणि फ्लॅप त्याच वेळी नवे घ्या.

आता महत्त्वाचं. ज्यांच्या डिस्कला लॉक रिंग आहे त्यांनी हवा भरताना चाकासमोर उभं राहू नये. रिंग नीट बसली नसली तर तोफेसारखी सुटते. मी चाकाला साखळी गुंडाळायला लावतो, लांब नळी जोडतो आणि पोराला बाजूला उभं करतो. पंक्चरवाले हसतात. हसू देत.

ट्रॅक्टरचा मागचा टायर बदलायचा असेल तर आधी आतलं पाणी काढा, व्हॉल्व्ह खाली आणून. भरताना व्हॉल्व्ह वर ठेवा, म्हणजे पाऊण टायर भरतो.

हवेचं तंत्र वेगळं. मागच्या चाकात शेतात 12 ते 14 पाउंड, वाहतुकीला पुस्तकात असेल तितकी जास्त. ट्रॉलीच्या चाकात मात्र याच्या कितीतरी पट हवा असते, आणि टायरमध्ये जितका दाब, साधारण तितकाच वरच्या मातीवर. म्हणून आपल्या काळ्या रानात ओल असताना भरलेली ट्रॉली सरीत घालू नका. खोडव्याची उगवण त्या चाकोरीत किती मागं पडते ते डोळ्यांनी बघता येतं. बांधावर उभी करा, मोळ्या बाहेर आणायला थोडी जास्त मजुरी गेली तरी चालेल.

हंगाम संपला की आस दगडावर टेकवून चाकं मोकळी करा, वर बारदान टाका. जळकं ऑईल फासून टायर काळा करू नका, त्यानं रबर सडतं.

काढलेल्या सहा टायरांना लगेच गिऱ्हाईक आलं. चार टायरांच्या बाजूला खोल चिरा होत्या, ते मी आधी ग्राइंडरनं कापले आणि मग भंगारात दिले. भाव निम्म्यावर आला, पण कुणाच्या ट्रॉलीखाली परत बसणार नाहीत. उरलेले दोन बैलगाडीसाठी मागितलेत, उद्या न्यायला येतील.