आकडा मोठा, वंगण चुकीचे

1926 मध्ये अमेरिकेच्या पॅकार्डने मोटारीच्या मागील आसात हायपॉइड दाते आणले. ते एकमेकांवर घासत सरकतात. म्हणून तीव्र दाब सोसणारे, गंधक-स्फुरदयुक्त तेल आवश्यक ठरले. आजचे ‘जीएल-5’ त्याच घराण्यातले.

सातारा-सांगलीकडे जपलेल्या एखाद्या जुन्या ॲम्बॅसडरच्या गिअरबॉक्सची गरज निराळी. तिथल्या सिंक्रोच्या कड्या पितळी वळणाच्या, घर्षणाने वेग जुळवणाऱ्या. ‘जीएल-5’मधील द्रव्ये त्या धातूला खाऊ शकतात, शिवाय फार निसरड्या तेलात कडीची पकडच सुटते. मग खंबाटकी चढताना तिसऱ्यातून दुसरा टाकावा, तर दाते करकरतात, आणि दोष बिचाऱ्या क्लचला! बैलगाडीच्या आखाला एरंडेल चाले. येथे जुनी पुस्तिका सांगेल तेच तेल, ‘जीएल-4’ म्हटले असेल तर ‘जीएल-4’च.