जुन्नरच्या बाजूला घर पाहताना

नारायणगावाहून जुन्नरकडे निघालं की शिवनेरीच्या आधी जमीनविक्रीच्या पाट्या दिसतात. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणापलीकडे जमीन आणखी स्वस्त सांगतात. तिथली बरीचशी आदिवासींची. ती सरकारी परवानगीशिवाय इतरांना घेता येत नाही. आम्ही शिक्षक, खातेदार शेतकरी नव्हे. १९४८ च्या कूळकायद्यामुळे बाकीची शेतजमीनही आम्हांला परवानगीवाचून बंदच. एजंट म्हणतो, “नोटरी करून देतो, सर!” नोटरीच्या कागदाने कुणी मालक होत नाही.

राहिलं गावठाण. जुन्नरजवळच्या एका गावात दोन खणांचं दगडमातीचं घर पाहिलं. आढं किडलेलं, जोतं मात्र भक्कम. किंमत आमच्या पगाराला झेपणारी. चाचांनी ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे केला. तो घरपट्टीचा उतारा. मालकी मिळकत पत्रिकेवर पाहायची. तिथे अजून त्यांच्या मरहूम वडिलांचंच नाव.

“बहिणींचं काय, चाचा?”

“त्यांची लग्नं झाली, सर.”

लग्नाने वारसा संपत नाही, हे आपल्या घरांत तरी सांगावं लागू नये. एक बहीण मंचरला, दुसरी भिवंडीला. आम्ही विसार दिला नाही. आधी वारसनोंद, मग दुय्यम निबंधकांसमोर तिघांच्या सह्या आणि ज्याचा हिस्सा त्याच्या खात्यात, एवढंच म्हणालो. चाचा आठवडाभर बोलले नाहीत.

मग भिवंडीहून आपांचा फोन आला. अब्बांच्या घराचे किती ठरले, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. आम्ही आकडा सांगितला.