उजेडातली जागल

पायाचा अंगठा धरून कुणीतरी हलवतं. एकदा, मग पुन्हा एकदा. "दोन वाजले," एवढंच बोलणं. डोळ्यांवरची काळी पट्टी सरकवली की डोक्यावरच्या झडपेच्या काचेतून तिरपं ऊन थेट तोंडावर येतं, आणि रात्रीचे दोन की दुपारचे हे कळायला थोडा वेळ जातो. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर एप्रिलच्या विशीत वर आलेला सूर्य ऑगस्टच्या विशीपर्यंत मावळतच नाही. मी गेले तो जुलै होता.

आमची बोट शिडाची, पोलादी, 14 मीटर लांब. माणसं सहा. आत नीट उभं राहता येईल अशा जागा दोनच, एक शेगडीपुढे आणि दुसरी शिडीच्या पायथ्याशी. एकाने बूट चढवायला घेतले की बाकीच्यांनी पाय वर घ्यायचे. सहा जणांचा श्वास आणि डाळीची वाफ झडपेच्या चौकटीला लागून पाणी व्हायची आणि नेमकी माझ्या उशीवर टपकायची. हीटरवर कायम कुणाचे तरी मोजे. बाहेर पाणी दोन-तीन अंशांचं; ते पाणी आणि माझी पाठ यांच्यामध्ये पोलादाचा पत्रा, थोडं अस्तर आणि चार बोटं जाडीची गादी. पहिल्या रात्री पत्र्यापलीकडे चुरचुर ऐकू आली, तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. हिमनदीतून तुटलेला बर्फ विरघळत होता. बर्फ होताना त्यात दाबली गेलेली हवा बुडबुड्याबुडबुड्याने सुटत होती. कधी काळच्या हिवाळ्यातली ती हवा, आणि मी तिच्यापासून वीतभर अंतरावर अंथरुणात. पुढे तो आवाज सवयीचा झाला. नसला तर चुकल्यासारखं वाटायचं.

नांगर टाकला की दिवस संपतो, असा माझा समज होता. तिथे नांगर टाकला की जागल सुरू होते. गावाकडे पिकं तयार झाली की शेतात रात्रीची राखण करतात, त्याला आपल्याकडे हाच शब्द आहे, आणि मला तिथे दुसरा सुचलाही नाही. सगळे झोपले की एकाने दोन तास वर बसायचं. वारा फिरतोय का बघायचं, खोली दाखवणाऱ्या यंत्रावर नजर ठेवायची, दुर्बिणीने काठ न्याहाळायचा, कारण अस्वलं उत्तम पोहतात. आणि मुख्य म्हणजे बर्फ. पाण्यावर स्टुलाएवढा दिसणारा तुकडा पाण्याखाली त्याच्या आठ-नऊ पट असतो; बर्फाचा एक घनमीटर म्हणजे नऊशे किलो. त्याला दूर ढकलायला लांब लाकडी काठ्या डेकवर बांधून ठेवलेल्या. दर तासाला वहीत नोंद: वारा, हवेचा दाब, खोली, बर्फ.

लाँगइअरब्येनहून उत्तरेला निघालो ते फोरलांडसुंडेटमधून. ती सामुद्रधुनी मध्ये इतकी उथळ आहे, की मोठी जहाजं बाहेरून वळसा घालतात. नी-ओलेसुंडला थांबलो. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र तिथे 2008 पासून आहे. तिथल्या नाजूक रेडिओ-उपकरणांमुळे फोनचं वायफाय आणि ब्लूटूथसुद्धा बंद ठेवावं लागतं. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुनसेन 1926 साली ज्या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेला, त्या 'नोर्गे'ला बांधायचा उंच लोखंडी खांब तिथे अजून उभा आहे. मला मात्र त्या मोठ्या हवाई जहाजापेक्षा त्याची आधीची छोटी बोट जवळची वाटते. तिच्याकडे येतेच.

मागदालेनेफ्योर्डमध्ये ग्रावनेसेटजवळ नांगर टाकला. ग्रावनेसेट म्हणजे थडग्यांचं टोक. सतराव्या-अठराव्या शतकातल्या देवमासे मारणाऱ्या खलाशांची दफनभूमी आहे ती. दगडांचे बुटके ढीग, त्यावर शेवाळ. पहाटे तीनच्या सुमारास हिमनदीकडून वारा सुटला आणि मघापासून लांब असलेला बर्फाचा एक तुकडा आमच्याकडे सरकू लागला. रिक्षाएवढा असेल. कप्तान नुकताच आडवा झाला होता. साठी ओलांडलेला माणूस, अठरा तास सुकाणूवर काढून. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं.

त्याचं कारण फार जुनं आहे. मी लालबागच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, तिथेही माणसं सहाच. वडील गिरणीत, आणि बऱ्याचदा तिसऱ्या पाळीला. सकाळी येऊन झोपायचे. "बाबा झोपलेत" हे आमच्या घरातलं सर्वांत मोठं वाक्य होतं, आणि ते सर्वांत हळू आवाजात बोललं जायचं. आई भांडी फडक्यावर ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून. स्टोव्ह गॅलरीत नेऊन पेटवायची. शेजारची पोरंसुद्धा आमच्या दारापुढून चपला हातात घेऊन जायची. झोपलेल्या माणसाला उठवणं म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणं, असं न शिकवताच अंगात मुरलं. 1982 चा गिरणी संप झाला, पाळ्या गेल्या, वडील रात्री घरी झोपायला लागले. पण झोप त्यांना कधी लागली नाही. आम्ही मात्र कुजबुजतच राहिलो.

तर मी काठी सोडवली आणि एकटीच नाळेवर गेले. टेकवली, जोर लावला. तुकडा हलला नाही, उलट बोट मागे सरली. मग तो साखळीवर येऊन बसला. नाळ खाली ओढली गेली, साखळी कण्हली, आणि तो आवाज सगळ्या पत्र्यातून घुमत गेला. कप्तान लोकरीच्या आतल्या कपड्यांवरच वर आला. त्याने साखळी आणखी सोडली, इंजिन सुरू केलं, बोट कुशीवर वळवल्यासारखी हळूच बाजूला घेतली. वीस मिनिटांनी तुकडा घासत निघून गेला. पाचही जणांची झोप मोडली होती, त्यात कप्तानाची तर पुरतीच.

तो रागावला नाही. कॉफीचा मग हातात धरून बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला दहा वेळा उगाच उठवलंस तर मी दहा वेळा पुन्हा झोपेन. पण एकदा उठवलं नाहीस, तर उद्या तू वर असताना मला झोप येणार नाही."

हे मला तिथल्या कुठल्याही हिमनदीपेक्षा जास्त आठवतं. दया म्हणून मी जे केलं, त्याने त्या माणसाचा निवांतपणाच काढून घेतला होता.

आमुनसेनची ती छोटी बोट, 'ग्योआ', ऑस्लोच्या फ्राम संग्रहालयात ठेवली आहे. 1872 साली बांधलेली, हेरिंग पकडणारी, 21 मीटरांची, 47 टनांची बोट. आमुनसेनचं जन्मवर्षही तेच. 1903 साली सहा सोबती घेऊन तो तिच्यातून निघाला आणि अटलांटिककडून पॅसिफिकला नेणारा वायव्य मार्ग पहिल्यांदा बोटीने पार केला. त्याच मार्गाच्या शोधात 1845 साली ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनची दोन मोठी जहाजं आणि 129 माणसं गेली होती. कुणीच परतलं नाही. ग्योआ लहान होती म्हणूनच उथळ पाण्यातून निघाली. दोन हिवाळे तिने किंग विल्यम बेटाच्या एका लहानशा बंदरात काढले. त्या जागेला आजही ग्योआ हेवन म्हणतात. तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून आमुनसेन कातड्याचे कपडे आणि बर्फात राहणं शिकला. ऑगस्ट 1905 मध्ये पुढे निघाल्यावर सिम्प्सन सामुद्रधुनीत कुठे बुडाखाली जेमतेम पाणी राहायचं. त्या दिवसांत त्याला घास गिळवत नव्हता, झोप येत नव्हती. 26 ऑगस्टला सकाळी तो आपली पाळी संपवून आडवा झाला, आणि थोड्याच वेळात त्याचा सहकारी गॉडफ्रेड हानसेन धावत खाली आला: जहाज दिसतंय! सॅन फ्रान्सिस्कोचं देवमाशांची शिकार करणारं जहाज होतं ते, पश्चिमेकडून आलेलं. म्हणजे वाट सापडली होती.

संग्रहालयात त्या बोटीशेजारी उभी असताना मला शोध, मार्ग, नकाशे यातलं काही आठवलं नाही. इतक्या दिवसांनी डोळा लागलेल्या माणसाला उठवताना हानसेन क्षणभरही थबकला नाही, एवढंच डोक्यात होतं.

आमचा शेवटचा मुक्काम ट्रिगहामना, इस्फ्योर्डच्या तोंडाशी. नावाचा अर्थच सुरक्षित बंदर. पाणी आरशासारखं, वर आल्कहॉर्नच्या कड्यावर हजारो पक्ष्यांचा कलकलाट. तीन वाजून गेले आणि काठाकडून पांढरट-पिवळं काहीतरी पाण्यातून येताना दिसलं. डोकं असावं. दुर्बीण लावली, पण हात हलत होता. मी खाली उतरले, कप्तानाचा अंगठा धरला आणि हलवला.

तो वर आला. माझ्या हातातून दुर्बीण घेतली, पाहिलं, परत दिली. बर्फाचा मळका तुकडा, त्यावर एक पक्षी बसलेला. माझ्या कपातला आल्याचा चहा दोन घोट प्यायला आणि काही न बोलता खाली गेला.

मी वही उघडली. 03:20. वारा नाही. खोली 11 मीटर. कप्तानाला उठवलं, बर्फ होता. तारखेखाली रेघ मारेपर्यंत शिडीखालून त्याचं घोरणं सुरू झालं होतं.