शिखरावरचे शिखर

गणिताशी माझे कधीच पटले नाही. वडील गणिताचे मास्तर; मी बी. ए. ला मराठी घेतले, त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

यंदा दिवाळीच्या सुटीत, आमच्या कोपरच्या घरी, कन्येने संगणकावर एक त्रिकोण काढला. प्रत्येक बाजूच्या मधल्या तिसऱ्या भागावर लहान त्रिकोण, त्याच्या बाजूंवर आणखी लहान. कॉख नावाच्या गणितज्ञाची ही नक्षी १९०४ सालची. दर फेरीला कडेची लांबी चार-तृतीयांश पट होते, आतली जागा मात्र एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. (आमच्या घरखर्चाचे आणि पगाराचे हेच नाते आहे!) अशा आकृत्यांना मांडेलब्रॉटने १९७५ साली 'फ्रॅक्टल' म्हटले.

"हे तर आपले अंबरनाथ!" मी म्हणालो. इथून लोकलने सहावे स्टेशन. १०६० सालचे ते शिवालय. त्याच्या शिखरावर शिखराच्याच चिमुकल्या प्रतिकृतींच्या चढत्या रांगा.

कन्येने तसे शिखर संगणकावर रचले आणि प्लॅस्टिकमध्ये छापून आणले. अण्णांची दृष्टी आता गेली आहे. बोटांनी एकेक रांग चाचपत ते पुटपुटले, "लहानात तेच, मोठ्यात तेच... हे सुचले कुणाला?"

"बाबांना, आजोबा."

अण्णा काही बोलले नाहीत. चाचपडत करंज्यांची बशी तेवढी त्यांनी माझ्याकडे सरकवली.