पदरमोडीचे व्याख्यान

संकेतस्थळे उभारण्याच्या सॉफ्टवेअरविषयी मी परिषदांतून बोलतो, हे कळल्यावर आदिलाबादेतील आमचे आप्तेष्ट पहिला प्रश्न विचारतात तो मानधनाचा. मानधन नसते; प्रवासाचे भाडेही बहुधा वक्त्यानेच भरावयाचे असते. "कापसाचा पैसा बोलण्यात घालवायचा का रे?" असे बाबांनी विचारले, तेव्हा त्या प्रश्नातील व्यवहार मला नाकारता आला नाही.

या रीतीचे मूळ त्या सॉफ्टवेअरच्या जन्मातच आहे. ड्रुपल २००१ साली निघाले, वर्डप्रेस २००३ साली. दोन्ही अशा परवान्यावर की, कोणीही ती विनामूल्य वापरावीत, उघडून पाहावीत, बदलावीत. या देण्याची उतराई कोणी दुरुस्ती करून करतो, कोणी भाषांतर करून, तर कोणी चार लोकांसमोर उभे राहून. २००६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पहिला वर्डकॅम्प भरला. ड्रुपलवाल्यांची आशियातील पहिली ड्रुपलकॉन २०१६ च्या फेब्रुवारीत पवईच्या आय. आय. टी.त झाली.

माझा विषय मात्र पवईचा नव्हे, गुंजाल्याचा. आमच्याच जिल्ह्यातील नारनूर मंडलातील हे खेडे. तेथील हस्तलिखितांतून गोंडीची स्वतःची लिपी हाती आली, आणि प्राध्यापक जयधीर तिरुमलराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जगापुढे आणली. २०१८ साली युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. वाचकहो, युनिकोड म्हणजे अक्षराअक्षराला दिलेला क्रमांक. परंतु क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसलेच, असे नव्हे. त्यास फॉन्ट हवा, मात्रा योग्य जागी बसविणारी यंत्रणा हवी, कळफलक हवा. फॉन्टच नसेल तर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटतो.

सभागृहातील मंडळी सावरून बसतात ती एका हिशेबापाशी. देवनागरी आणि तेलुगू यांचे क्रमांक समांतर रचलेले आहेत. देवनागरी 'क'च्या क्रमांकात ७६८ मिळविले की तेलुगू 'क' येतो. या सोयीवर कित्येक प्रोग्राम चालतात. गुंजाल्याच्या लिपीची व्यंजने मात्र 'क'पासून नव्हे, तर य, व, ब अशी सुरू होतात, आणि युनिकोडनेही तोच क्रम राखला. तेथे बेरजेची ती युक्ती थिटी पडते. (मला या लिपीचा हा बाणेदारपणा फार आवडतो.)

एका सभेनंतर एक गोंड तरुण माझ्याकडे आला. "दादा, आमच्या गावाच्या संकेतस्थळावर आजोबांचे नाव आमच्या अक्षरांत दिसेल काय?" या प्रश्नावर त्याने स्वतःच पुढील परिषदेत बोलावे, असे मी सुचविले. तो म्हणाला, "मला इंग्रजी येत नाही." या परिषदा सर्वांसाठी खुल्या असतात, प्रवेशाची वर्गणीही बेताची असते, परंतु व्यासपीठाची पायरी बहुतेक ठिकाणी अद्याप इंग्रजीचीच आहे, आणि ज्याच्या घरची अक्षरे पडद्यावर चौकोन होतात तोच मागच्या बाकावर गप्प बसतो. पदरमोड मला परवडते. ही शांतता परवडणारी नव्हे.

आम्ही तीन रविवार एकत्र बसलो. व्याख्यान तेलुगूत, उदाहरणे गोंडीत, असे ठरले. गेल्या आठवड्यात त्याने प्रस्ताव धाडला आणि नावाच्या रकान्यात आपले नाव दोन लिप्यांत लिहिले. त्यातील दुसरे संयोजकांच्या पडद्यावर कसे उमटले, हे अजून कळावयाचे आहे.