आत्या, नोहा आणि राणीची बाग

प्राणिसंग्रहालयात जाणाऱ्या माणसांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग माकडांना वेडावून दाखवतो. दुसरा वाघाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतो. तिसरा पाटीवरचं लॅटिन नाव मोठ्यानं वाचून बायकोवर छाप पाडतो. आमची आत्या यांपैकी कुठल्याच वर्गात बसत नाही. नगरला तिनं चाळीस वर्षं शब्बाथशाळा चालवली. त्यामुळे तिच्या लेखी जगातला प्रत्येक प्राणी मूळचा पवित्र शास्त्रातल्या कुठल्या ना कुठल्या अध्यायाचा रहिवासी. पिंजऱ्यात तो केवळ मुक्कामाला आलेला असतो.

ती मुंबईला आली तेव्हा रविवारची उपासना आटोपून आम्ही तिला भायखळ्याला राणीच्या बागेत न्यायचं ठरवलं. (बागेचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान होऊन जमाना लोटला, पण मुंबईकराच्या तोंडातून राणी काही जात नाही.)

"आत्या, आज शब्बाथ. चालेल ना तुम्हाला?" बायकोनं भीत भीत विचारलं.

"अगं, चौथी आज्ञा नीट वाच. विसावा नुसता माणसांना नाही सांगितलेला, गुराढोरांनाही सांगितलाय. यांना सुट्टी कधी असते?"

"बुधवारी. बुधवारी बाग बंद असते."

"मग झालं! यांचा शब्बाथ बुधवारी. आज यांचा कामाचा दिवस, आपण कशाला खाडा पाडायचा?"

धर्मशास्त्राचा एवढा झटपट निकाल मी सभेच्या बैठकीतही पाहिलेला नाही.

वाघापाशी पोचल्यावर आत्यानं आमच्या चिरंजीवांना सांगितलं की, आरंभी सगळ्या जनावरांना हिरवा पालाच खायला दिला होता, आणि यशयाच्या म्हणण्याप्रमाणे पुढे सिंहसुद्धा बैलासारखा कडबा खाणार आहे. चिरंजीवांनी वाघाकडे पाहिलं. वाघानं चिरंजीवांकडे पाहिलं. दोघांनाही ते पटल्यासारखं दिसलं नाही. मी आपलं सावरून घेतलं, की पुष्कळ प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी जनावरांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. आत्या एकदम खूश. "बघ! जनावर असून उपास करतं," असं म्हणून तिनं माझ्या पोटाकडे जी नजर टाकली, ती मी वाघाकडे वळवली.

पाणघोड्यापाशी खरी गंमत झाली. तो पाण्यात नाकापर्यंत बुडून पडला होता आणि आपलं त्या पलीकडे काही करायचा विचार नाही हे स्पष्ट दाखवत होता.

"आत्याआजी, हा कशाच्या उपयोगाचा?" चिरंजीवांनी विचारलं.

"कशाच्याच नाही. तेच तर देवानं ईयोबाला सांगितलं! ईयोब आपली गाऱ्हाणी घेऊन बसला होता. देवानं त्याला रानगाढव दाखवलं, शहामृग दाखवला, असलाच एक अगडबंब प्राणी दाखवला. यातला एकही माणसाच्या चाकरीला नाही. तरी त्यांचं दाणापाणी देवच बघतो."

"पण शास्त्रात तर आहे, माणसानं प्राण्यांवर सत्ता चालवावी."

"सत्ता म्हणजे तुझ्या बाबासारखं रिमोट धरून बसणं नव्हे. पुढचं पान उलट. आदामाला बागेत ठेवला तो मशागत करायला आणि राखायला. आपला मूळपुरुष माळी होता, माळी!"

पेंग्विनांच्या काचेसमोर ही गर्दी. हे हम्बोल्ट पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. चिरंजीवांना नोहाची शंका आली. "आत्याआजी, पेंग्विन तारवापर्यंत चालत गेले?"

"सोलहून भायखळ्याला आले ना?"

"ते विमानानं आले!"

"म्हणजे कोणी तरी आणलंच ना? मग?"

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी आईस्क्रीम घेतलं.

नंतर आम्ही पक्ष्यांच्या भल्यामोठ्या पिंजऱ्यात शिरलो. यात पक्ष्यांबरोबर माणसंही आत जातात, त्यामुळे कोण कोणाला बघायला आलंय याचा नीट उलगडा होत नाही. डोक्यावर जाळी पाहून चिरंजीव म्हणाले, "नोहा तारवात किती दिवस होता?"

"एक वर्ष दहा दिवस."

"मग दार उघडलं?"

"उघडलं तर! पहिल्यांदा कबुतर सोडलं, ते परत आलं. दुसऱ्यांदा जैतुनाचं पान घेऊन आलं. तिसऱ्यांदा आलंच नाही, आणि तेव्हा नोहाला कळलं की आता सगळं ठीक आहे."

"मग यांचं दार कधी उघडणार?"

चाळीस वर्षांच्या शब्बाथशाळेत हा प्रश्न आला नसावा. आत्या जाळीकडे बघत राहिली. मला एक गोष्ट आठवली, ती मी सांगितली. आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच मिशनरी पाद्र्यानं 1865 साली पेकिंगजवळ बादशहाच्या बागेच्या भिंतीवरून एका जातीची हरणं पाहिली. चीनमध्ये ती एवढीच उरली होती. 1895 च्या पुरात भिंत फुटली, हरणं बाहेर पळाली आणि भुकेल्या लोकांनी खाल्ली. राहिली ती 1900 च्या बंडाळीत संपली. पण त्याआधी काही युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत गेली होती. इंग्लंडातल्या एका ड्यूकनं ती उरलीसुरली अठरा हरणं गोळा केली, वाढवली, आणि 1985 साली त्यांचे वंशज त्याच बागेच्या जागी परत गेले.

"पूर, तारू आणि उघडलेलं दार," आत्या म्हणाली. "पाद्र्याचं नाव काय म्हणालास?"

"दाविद."

"हं. नाव शास्त्रातलंच आहे. मग जमणारच." थोडं थांबून म्हणाली, "पण अठरावरनं किती वर्षं लागली बघ. नोहाचं आपलं वर्षात भागलं."

घरी रविवारचं मटण होतं. आत्यानं प्रार्थनेत पाणघोड्यापासून पेंग्विनांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली, ज्यांची दारं उघडायची राहिली आहेत त्यांच्यासाठी निराळं मागणं केलं, आणि तोवर रस्सा पार निवला. आमेन होताच चिरंजीव वाटीकडे बघत म्हणाले, "आत्याआजी, मटण चालतं?"

"तारवातून उतरल्यावर नोहाला मांसाची मोकळीक मिळाली. पण ती परवानगी आहे, हुकूम नव्हे. लक्षात ठेव."

चिरंजीवांनी गंभीरपणे मान हलवली आणि वाटी बाजूला सारली. आत्यानं त्यातली नळी तेवढी उचलून आपल्या ताटात घेतली. परवानगी होतीच.