अबोल्यास अनावृत पत्र

अबोल्या,

तू सगळ्याच घरांत येतोस, पण जबलपूरच्या मराठी घरांत तू जे करतोस ते मला वेगळं आणि जास्त धोक्याचं वाटतं, म्हणून हे पत्र.

पुण्यात किंवा नागपुरात नवरा-बायको आठवडाभर एकमेकांशी बोलली नाहीत, तरी मुलाच्या कानावर शेजारच्या काकूंची, भाजीवाल्याची, शाळेतल्या बाईंची मराठी पडत राहते. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर हिंदी. शाळेत, बाजारात, खेळाच्या मैदानात सगळीकडे हिंदीच, आणि ती आम्हाला परकीही नाही. मराठी मात्र घरातल्या तीन-चार माणसांच्या तोंडीच उरलेली. हिरमुसणं, खट्टू होणं, समजूत काढणं, राग निवळणं हे मूल ऐकतं ते आई-बाबांकडून किंवा आजीकडून. तू त्यांची तोंडं बंद केलीस की रुसलेल्या माणसाजवळ कसं जायचं, काय म्हणायचं, हे शिकायला त्या मुलाला दुसरी जागा राहत नाही.

आणि आम्ही काही इथे काल आलेलो नाही. काही घराणी मराठ्यांच्या अमलातली, म्हणजे १८१७ साली इंग्रजांनी शहर घेतलं त्याच्याही आधीची. पुढे १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धातला खमरियाचा कारखाना, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी यांनी माणसं आणली. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, हायकोर्टाचं मुख्य ठाणं नागपूरऐवजी जबलपूर ठरलं, तेव्हाही बिऱ्हाडं आली. या सगळ्यांनी भाषा सांभाळली, गणपती सांभाळले, दत्तजयंती सांभाळली. घरातलं भांडण सांभाळून मिटवायचं कसं, हे मात्र फार थोड्या घरांत कुणी कुणाला शिकवलं.

तुझं काम कसं चालतं ते मी जवळून पाहिलं आहे. फॅक्टरीतून माणूस परततो, डबा ओट्यावर ठेवतो. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांत एक पडदा. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, मला भूक नाही." दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असतं, तरी आठ वर्षांचं पोर मधल्या मध्ये निरोप पोचवत असतं. निरोपातला तिखटपणा आपणच थोडा कमी करावा, हे त्याला लवकर कळतं. भांडं किती जोरात ठेवलं यावरून संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज ते बांधू लागतं. मोठेपणी तेच पोर नोकरीला लागतं, साहेबांनी एका निरोपाला उत्तर दिलं नाही की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि असं का होतं हे त्याला उमगत नाही. मी अशा कितीतरी चाळिशीतल्या माणसांशी बोलले आहे. मारहाण झाली नाही, शिवीगाळ झाली नाही, मग आपल्याला दुखलं म्हणायचा अधिकार आहे का, असं ती विचारतात. त्यांना मी सांगते, आहे.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ हसून बघतं, बोट दाखवतं, हात पसरतं, किंचाळतं. काहीच उपयोग झाला नाही की तोंड फिरवतं. दोन-तीन मिनिटांत ही अवस्था, आणि आमच्याकडे तू पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करतोस. याच संशोधनातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आई आणि बाळ यांचा सूर एरवीही सारखा चुकत असतो. तो चुकतो आणि पुन्हा जुळतो, आणि या पुन्हा जुळण्यातूनच बाळाचा भरवसा तयार होतो. म्हणजे भांडण न होणारं घर आम्हाला नकोच आहे. भांडण झाल्यावर परत येणारी माणसं हवी आहेत.

तुझ्या बाजूनेही एक बोलायला हवं. ज्या सुनेला आवाज चढवायची परवानगी नव्हती, माहेर दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर होतं, तिच्या हातात तुझ्याशिवाय काय होतं? तिच्या मुकेपणाला मी दोष देणार नाही. जिथे बोललं की हात उगारला जातो, तिथे गप्प राहणं ही सुरक्षितता आहे. तिथे प्रश्न तुझा नाही, हिंसेचा आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. मी बोलते आहे ते इतर घरांबद्दल, जिथे दोघांनाही बोलता येतं आणि आधी कोण, एवढ्यावर अडलेलं असतं.

२२ मे १९९७ च्या पहाटे इथे भूकंप झाला तेव्हा सगळं शहर रस्त्यावर आलं. आमच्या ओळखीतल्या दोन भावांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. त्या पहाटे त्यांनी एकमेकांची पोरं कडेवर घेतली, पुढच्या रात्री शेजारी-शेजारी चटया टाकून उघड्यावर काढल्या. आम्हाला वाटलं, मिटलं. पावसाळा लागायच्या आत तू परत आला होतास. भीतीने दोघांना जवळ आणलं होतं, पण मुळात काय लागलं होतं ते कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. संक्रांतीचंही तसंच होतं. तिळवाराघाटच्या जत्रेहून येऊन आम्ही तिळगूळ वाटतो, गोड बोला म्हणतो, आणि ज्याला स्वतःचं वाक्य सुचत नाही त्याला त्या दिवशी एक तयार वाक्य मिळतं. ही फार शहाणी रीत आहे. तिने दार उघडतं. आत जाऊन जुनं दुखणं बोलायचं काम मात्र दुसऱ्या दिवशी आपल्यालाच करावं लागतं, आणि बहुतेक घरं ते करत नाहीत.

राग अंगात भिनलेला असताना बोलू नये, हे खरंच आहे. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केला. अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबावं, असं ते सुचवतात. पण थांबताना परत कधी येणार ते सांगायचं. "मला आत्ता बोलणं जमत नाहीये, जेवणं झाल्यावर बोलू." एवढं सांगितलेल्या शांततेत मूल निवांत अभ्यास करतं, कारण तिला शेवट आहे हे त्याला कळलेलं असतं. तुला तो शेवट नसतो.

म्हणून ज्यांच्या घरी तू आज बसला आहेस त्यांना माझं सांगणं आहे. मुलाच्या हाती निरोप देणं आजपासून बंद करा. वादात कुणाचं बरोबर हे नंतर ठरवा. आधी, "त्या दिवशी तू तसं म्हणालास ते मला लागलं," एवढं एक वाक्य स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या माणसाला, मराठीत सांगा. आणि एकट्याने ते झेपत नसेल, तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते. तिथे फोन करा.